खिडकीतली बाटली

४ मार्च

छोटे,

आशीर्वादाने सुरुवात करणार होते, पण तू तोही परत पाठवशील, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. संशोधन संस्था सोडून गेलीस त्या दिवशी तू स्वतः बनवलेल्या द्रवाच्या दोन बाटल्या भरल्या होत्यास. एक माझ्या हातात कोंबलीस आणि म्हणालीस, “घे, आता याला लेबल लाव.” दुसरी स्वतःच्या पिशवीत टाकलीस. ती तुझी बाटली खिडकीतून काढ. हे पत्र संपायची वाट बघू नकोस. आधी काढ, मग उरलेलं वाच.

काढताना हातमोजे घाल. भांडी घासायचे जाड रबरी असले तरी चालतील, पण आत एक पातळ जोड असू दे. बुचावरचं मेण खरवडू नकोस, बूच उघडू नकोस, हलवून उजेडात धरून बघू नकोस. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेव आणि डबा उंच, थंड जागी. सिंकमध्ये ओतून मोकळं व्हायचा विचारसुद्धा करू नकोस.

बाटली खिडकीत आहे हे हिला कसं कळलं, म्हणून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आत्याने तुझ्या लेकाचा, बोक्याचा फोटो पाठवला. स्टूल ओढत नेऊन त्यावर चढलाय, दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर, आणि तोंडभर हसतोय. खाली आत्याने लिहिलं होतं, “बघ किती उंच झालाय.” खरं सांगते, आधी मी त्याला पाहिलंच नाही. त्याच्या कोपराला लागून उन्हात चमकणारी बाटली तेवढी दिसली. त्याला नंतर पाहिलं. नाक आईचं घेतलंय त्याने.

आता कारण ऐक. फोटो पाहिल्यावर मी माझी बाटली काढली. ती माझ्याही घरात खिडकीपाशीच होती, पुस्तकांच्या फळीवर. खालच्या अर्ध्या भागात काच दुधी झाली आहे. पुसून पाहिलं, जात नाही. धुरकटपणा आतून आहे, बरोब्बर द्रवाच्या पातळीपर्यंत. याचा अर्थ मी तुला सांगायला हवा असं नाही. तुझं ते द्रव म्हणजे शेवटी मीठच, फक्त खोलीच्या हवेत वितळलेलं राहणारं. वास नाही, वाफ नाही, पेट घेत नाही. तू त्याला ‘गुणी बाळ’ म्हणायचीस. पण ते हवेतली ओल पितं, आणि ओल आत गेली, वर ऊन लागलं, की त्यातला फ्लोरीन सुटा व्हायला लागतो आणि त्याचं आम्ल होतं. ते आम्ल काच खातं. काच खाणारं आम्ल कातडीवर काय करतं ते तू पाठ करून परीक्षेत लिहिलेलं आहेस.

मेणबत्तीचं मेण लावून हवा थांबत नाही, हे तेव्हाही सांगितलं असतं. पण तेव्हा तू माझं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतीस.

अक्षर वाईट आलंय. पेन नवीन आहे.

बाटली काढलीस की आत्याला एका शब्दात कळव. मला नको कळवूस.

ताई


११ मार्च

छोटे,

पत्र परत आलं. पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शिक्का आणि खाली तुझी सही. शेवटच्या अक्षराची शेपटी अजून तशीच फेकतेस. पाकिटाची कड जरासुद्धा उचकटलेली नव्हती. म्हणून हे दुसरं पाकीट बँकेचं वाटेल असं आणलंय आणि पत्ता छापून घेतलाय. तुला फसवायला हा खटाटोप करावा लागतो याची मला लाज वाटत नाही. वेळच तशी आहे.

पत्रांवर विसंबून मी हातावर हात धरून बसले नाही. तुझा नंबर बदललेला आहे. आत्याला नवा नंबर मागितला तर ती म्हणाली, “दिला तर ती माझ्याशीही बोलायची बंद होईल, मग तुला बोक्याचे फोटो कोण पाठवणार?” मग म्हटलं, तूच सांग तिला. सांगितलं तिने. तू काय उत्तर दिलंस ते तिने मला शब्दाला शब्द ऐकवलं, कारण आत्याला मधलं काही गाळता येत नाही. “तिला सांग, माझ्या घराची तपासणी व्हायची आहे अजून.”

बोललीस झकास. मीसुद्धा हसले असते.

मग तुझ्या नवऱ्याच्या कामावर फोन केला. सज्जन माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुमच्या दोघींमध्ये मी पडलो तर मलाच घराबाहेर झोपावं लागेल. ती रसायनातलं माझ्यापेक्षा जास्त जाणते. धोका असता तर तिने ठेवली असती का ती बाटली?” मी म्हटलं, ती रागाने ठेवते आहे. तो म्हणाला, “ती तिच्या कामाची एवढीच खूण उरलीय घरात.” मी फोन ठेवला.

छोटे, तुला काय वाटतं ते मला नीट ठाऊक आहे. तुला वाटतं, ही संस्थेच्या रसायन भांडारातली बाई पुन्हा तक्रार घेऊन आली. तेव्हा तुझं कपाट उघडून मी वर कळवलं, सरांनी तुझं काम काढून दुसऱ्याला दिलं, पदवी राहिली, तू गाव सोडलंस. त्याचं खापर तू माझ्या डोक्यावर फोडलंस, ते मी आजवर डोक्यावर घेऊन फिरते आहे. पण मी चुकले असं माझ्याकडून वदवून घ्यायचं असेल तर ते होणार नाही. फ्लोरीनवालं द्रव काचेच्या बाटल्यांत, तारखेशिवाय, सिंकच्या खाली, गळक्या नळाशेजारी. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी त्याच दिवशी कळवलं असतं. तुझं होतं म्हणून चार दिवस कानाडोळा केला, आणि ते चार दिवस मला अजून आठवतात. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन. सरांनी तुला काढलं ते मात्र अति केलं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. तुला कुणी ते सांगितलं नसेल.

आणि बघ, माझ्या जिवाला घोर लागलाय आणि मी वाद घालत बसले. हे असंच होतं. मला काळजी करायची दुसरी भाषा येत नाही. लहानपणी तू जिना उतरताना मी मागून “सावकाश” म्हणायचे आणि तू मुद्दाम पळायचीस. आता मी “काढ” म्हणते म्हणून तू ती बाटली तिथेच ठेवशील. तू ठेवशील, मला माहीत आहे. पण आता पळणारी तू नाहीस. स्टुलावर चढून तो कट्ट्यावरच्या वस्तू खाली ढकलतो, हे आत्याच कौतुकाने सांगते. त्याने आतापर्यंत दोन पेले फोडलेत म्हणे.

फुटलेल्या पेल्यात पाणी असतं.

ताई


१६ मार्च

छोटे,

बँकेचं पाकीटही परत आलं. सही तीच. तेव्हा आता हे स्वेटरच्या घडीत घालून पाठवते आहे आणि पाठवणारी म्हणून आत्याचं नाव घातलंय. स्वेटर आत्यानेच विणलाय, तेवढं तरी खरं आहे. ती आधी तयार नव्हती. “माझं नाव वापरून तू तिला काय पाठवते आहेस?” म्हणाली. मी म्हटलं, औषध. मग पार्सलाला दोरी तिनेच बांधली.

स्वेटरखाली दोन ट्यूबा आहेत. कॅल्शियमचा जेल आहे. एक स्वयंपाकघरात ठेव, एक बोक्याच्या खोलीत. बाटली फुटली, गळली, किंवा तुला नुसती शंका आली की त्याचे हात चिकट आहेत, तर दुखायची वाट बघायची नाही. नीट ऐक, कारण सगळे इथेच फसतात. हे आम्ल आधी दुखतच नाही. पाण्यासारखं वाटतं. पोर खेळत राहतं, आपण पुसून टाकतो आणि विसरतो. दुखायला लागतं तेव्हा ते कातडी ओलांडून हाडाकडे निघालेलं असतं. म्हणून आधी वाहत्या पाण्याखाली हात धरायचा, भिजलेले कपडे काढून टाकायचे, मग स्वतः हातमोजे घालून हा जेल चोळायचा, चोळत राहायचा आणि तसंच दवाखान्यात न्यायचं. तिथे पहिलं वाक्य बोलायचं ते “फ्लोरीनचं आम्ल” हे. नुसतं “केमिकल सांडलं” म्हटलंस तर ते साध्या भाजण्याचं मलम लावून घरी पाठवतील. इथेसुद्धा पहिल्या डॉक्टरने तेच केलं असतं.

म्हणजे असं ऐकलंय.

तुला आठवतं का, तुझं पहिलं शुद्ध द्रव निघालं तो दिवस? धुऊन धुऊन शेवटी पाणी स्वच्छ आलं, तू परीक्षानळी घेऊन पळत भांडारात आलीस आणि मला म्हणालीस, “ताई, बघ, मधासारखं आहे आणि पाण्यासारखं दिसतं.” मी नळी हातात घ्यायच्या आधी हातमोजे शोधायला लागले. तुझा चेहरा उतरला. हातमोजे सापडेपर्यंत तू गेली होतीस. मला ते द्रव तेव्हा बघायचं होतं गं. फार बघायचं होतं.

माझ्याकडची बाटली मी इतकी जपली ती का, असं इथली नर्स विचारत होती. तिला काय सांगणार.

पत्र इथे थांबवते. लिहायला फार वेळ लागतो हल्ली.

ताई


१९ मार्च
(हे कार्ड आहे, मुद्दाम)

छोटे,

कार्डाला पाकीट नसतं. ते परत करायला हातात घ्यावं लागतं आणि हातात घेतलं की नजर पडतेच. पोस्टमनदादा, तुम्हीही वाचा आणि जिना चढताना हिला मोठ्याने ऐकवा.

तू आत्याला म्हणालीस, स्वेटर छान बसला. ट्यूबांचं बोलली नाहीस, चिठ्ठीचंही नाही. म्हणून आता जे सांगायचं नव्हतं ते उघड्या कार्डावर सांगते. माझी बाटली खालून पाझरली होती. फळीवर चिकट वर्तुळ दिसलं. मी, भांडारप्रमुख, माझ्या घरात होते आणि ती बाटली तुझी होती, म्हणून रुमालाने पुसलं. नुसत्या हाताने. काही वाटलं नाही. घरात जेलची ट्यूब नव्हती, कारण असल्या वस्तू मी भांडारात ठेवते, घरात नाही. संध्याकाळी ठणका सुरू झाला तेव्हा कळलं. उजव्या अंगठ्याचं पुढचं पेर काढलं. नवीन पेन वगैरे काही नाही. ही सगळी पत्रं डाव्या हाताची आहेत.

मी मोठी आहे, माझं एक पेर गेलं. त्याचा अख्खा हात माझ्या तळव्यात मावेल.

ताई


२७ मार्च, तुझ्या दाराबाहेर

छोटे,

मी जिन्यावर बसले आहे, तुझ्या दारापासून चौथ्या पायरीवर. घंटा वाजवली, तू दाराच्या भिंगातून पाहिलंस, तुझी सावली दाराखालून दिसली, आणि मग सावली गेली. ठीक आहे. मी दार वाजवत बसणार नाही. शेजारच्या बाई दोनदा डोकावून गेल्या. मी विमा एजंट आहे असं त्यांना वाटलं असावं. हातात फायलीऐवजी प्लास्टिकची बादली बघून त्यांचाही गोंधळ उडाला.

बादलीत चुन्याची पूड आहे, तिच्यात मधोमध बाटलीएवढी जागा केलीय. जाड हातमोजे आहेत, चष्मा आहे, जेल आहे. इथल्या कॉलेजच्या रसायन भांडाराशी बोलून ठेवलंय. तिथल्या भांडारवाल्या बाईने आढेवेढे घेतले, मग मी काय काय आणि कसं कसं आणणार ते सांगितल्यावर म्हणाली, “चार वाजायच्या आत आणा, मी कपाट रिकामं करून ठेवते.” बस किंवा रिक्षा करणार नाही, माणसांच्या गर्दीत हे घेऊन बसायचं नसतं. चालत जाईन. फार लांब नाही.

मला तुझ्याकडून एवढंच हवंय. बाटली उंबऱ्याबाहेर ठेव आणि दार लाव. मला आत यायचं नाही. चहा नको. बोक्याला बघायचं नाही, म्हणजे बघायचं आहे, पण त्यासाठी आले नाही. हा कागद दाराखालून सरकवते आहे.


दुसरा कागद.

पहिला तू आत ओढून घेतलास. टोक दिसेनासं झालं. त्यानंतर बराच वेळ झाला.

आत काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि माझा जीव गेला. मग पोराचं हसणं ऐकू आलं. कसला आवाज होता तो? रिकामा डबा होता का? डबाच असेल. छोटे, मला फक्त एकदा दारावर आतून टकटक करून सांग की पडला तो डबा होता.

लिहिता लिहिता मी तोंडानेही विचारलं, आणि तू केलीस टकटक. एकदाच. बरं.


तिसरा कागद.

मला आता युक्तिवाद सुचत नाही. जेवढे होते तेवढे पत्रांतून पाठवले आणि तू ते वाचले नाहीस. तुला हवं असेल तर मी लिहून देते की तुझं कपाट मी पाहिलंच नव्हतं. ते खोटं असेल, तुला कळेल की खोटं आहे, पण लिहून देते. सरांपुढे जाऊन सांगते. नोकरी गेली तर जाऊ दे. हवं तर त्या बाटलीला मी उगाच घाबरते असं म्हण, मी भित्री आहे, खडूस आहे, आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत आले, सगळं कबूल. फक्त ती खिडकी रिकामी कर.

ती तुझ्या कामाची खूण आहे हे मला कळतं. तुझ्या नवऱ्याने सांगितलं. माझ्याकडचीही मी तशीच जपली होती. भांडारात जमा करायला हवी होती, नियम तोच आहे. मी नाही केली. पुस्तकांच्या फळीवर ठेवली आणि रोज कामावर जाताना बघत राहिले. छान दिसायची उन्हात. तुझ्याकडेही छानच दिसत असणार.

चुना सावलीत ठेवायला बादली एक पायरी खाली सरकवली आहे. मी इथेच आहे.

ताई


३० मार्च, घरून

छोटे,

घरी पोचले. हे पत्र तू घेतलंस तर घे, नाहीतर नेहमीप्रमाणे सही करून परत पाठव. माझ्याकडे तुझ्या सह्यांचा आता बऱ्यापैकी संग्रह झालाय. पण त्या दिवशी तू दार लावलंस त्यानंतर काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

दार उघडलं तेव्हा साखळी लावलेली होती. फटीतून पांढरा प्लास्टिकचा डबा बाहेर आला आणि त्याच्यामागे तुझा हात. तुझा चेहरा मी पाहिला नाही, तू दाराआड होतीस. हात पाहिला. बाहेरून पिवळे रबरी हातमोजे आणि मनगटाशी आतल्या पातळ जोडाची कड. मी डबा डाव्या हाताने घेतला. तू म्हणालीस, “दुसरा दाखव.” इतक्या वर्षांनी ऐकलेलं तुझं पहिलं वाक्य. मी उजवा हात फटीसमोर धरला. पट्टी सोडायची का विचारलं.

मग आतून बोक्याने विचारलं, “आई, कोण आलंय?”

तू म्हणालीस, “कोणी नाही. आत जा.”

आणि दार लागलं.

मी तुला दोष देत नाही. पोराला उंबऱ्यापासून लांब ठेवायचं होतं, हातात आम्ल होतं, अशा वेळी आणखी काय म्हणणार? हे सगळं मी स्वतःला जिना उतरताना समजावलं. रस्ता ओलांडतानाही समजावलं. तरी ‘कोणी नाही’ हे दोन शब्द माझ्याबरोबर चालत होते. डब्यासकट बादली मी दोन्ही हातांनी धरली होती, पट्टीतला अंगठा ठणकत होता आणि डोळे पुसायला एकही हात मोकळा नव्हता. हातमोजे घातलेल्या हाताने डोळ्याला शिवायचं नसतं. लोक बघत होते. एका गृहस्थाने विचारलं, “बाई, जड आहे का?” मी म्हटलं, नाही, लांब राहा.

कॉलेजच्या भांडारात ती बाई वाट बघत उभी होती. माझ्याच वयाची, माझ्याच स्वभावाची. नमस्कार करायच्या आधी माझे हातमोजे तपासले. वाफा ओढून घेणाऱ्या धुराच्या कपाटात डबा ठेवून आम्ही झाकण काढलं. तुझी बाटली माझ्याहून वाईट झाली होती. खालपासून गळ्यापर्यंत दुधी, एका बाजूला काच इतकी पातळ की बोटाने टोचली असती तरी गेली असती, आणि बुचावरचं मेण वर फुगलेलं. ती बाई म्हणाली, “हिने पुढचा उन्हाळा काढला नसता. ही घरात होती?” मी म्हटलं, खिडकीत. ती म्हणाली, “लहान मूल आहे का त्या घरात?” मी मान हलवली. तिने मला बसायला स्टूल दिलं.

मग तिने डब्याचं झाकण उलटं केलं आणि वरची चिठ्ठी वाचायला लागली. मी ती पाहिलीच नव्हती. फटीतून डबा घेताना माझं लक्ष तुझ्या हातांवर होतं, आणि नंतर मला काही दिसत नव्हतं. ती मोठ्याने वाचत गेली, तिची ती सवय असावी, माझीही आहे. द्रवाचं पूर्ण नाव. तयार केल्याची तारीख. ‘पाणी लागू देऊ नये. तापवू नये. काच आतून खराब, आम्ल झालं आहे असं धरून चालावं. उघडू नये.’ एकही रकाना सोडला नव्हतास. मी इतकी वर्षं संशोधकांच्या मागे लागून लावून घेते त्यांतली निम्मी लेबलं अशी नसतात.

‘डब्यात बंद केल्याची तारीख: २२ मार्च.’

ती इथे थांबली आणि म्हणाली, “अहो, हे तर आधीच काढून ठेवलंय.” मी तारीख स्वतः वाचून पाहिली. कार्ड तुझ्याकडे पोचलं असेल तो दिवस. म्हणजे मी जिन्यावर बसून नोकरीसुद्धा सोडायला निघाले होते, तेव्हा तुझी खिडकी रिकामीच होती. तू मला तासभर तशीच बसवलंस. टकटकही एकदाच केलीस. मला तुझा इतका राग आला, छोटे, इतका राग आला की मी तिथे बसून हसायला लागले, आणि त्या बाईने मला पाणी आणून दिलं.

शेवटच्या दोन ओळी वाचताना ती अडखळली. “हे असं चालत नाही,” ती म्हणाली, “कुणी दिलं आणि कुणी घेतलं, तिथे नाव आणि हुद्दा लागतो.” आणि चिठ्ठी माझ्यासमोर धरली. तुझ्या अक्षरात, शेवटच्या अक्षराची शेपटी तशीच फेकून लिहिलं होतं:

‘देणार: छोटी. घेणार: ताई.’

“हुद्दा काय लिहू?” तिने पेन उघडून विचारलं.

मी म्हटलं, लिहिलाय की तिने.

ताई